3738 ची पाटी ओतताना

पाच इंची गेजवर, म्हणजे पाच इंच अंतराच्या रुळांवर धावणारं, वाफेचं छोटं मॉडेल इंजिन बांधणारा माणूस बराच काळ नुसतं 'एक इंजिन' बांधत असतो. चाकं, सिलिंडर, बॉयलर, पाण्याचा पंप हे सगळं त्या वर्गातल्या कुठल्याही इंजिनाला बसेल असंच असतं. केबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या, बाजूवर नंबराची पाटी चढली की ते अमुक एक इंजिन होतं, आणि मग लोक चुका काढायला मोकळे होतात. आमच्या मॉडेल इंजिनांच्या क्लबात अशी मंडळी भरपूर. सगळी सत्तरीच्या पुढची, सगळी प्रेमळ, आणि चष्मा घरी विसरून येणारा त्यांत एकही नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता इंग्लंडात रेडिंगला राहतो. माझं इंजिन म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं 5700 वर्गाचं पॅनियर टँक. बॉयलरच्या दोन्ही अंगांना, घोड्याच्या पाठीवर गोण्या टाकाव्यात तशा, पाण्याच्या टाक्या लटकवलेलं सहा चाकांचं शंटिंग इंजिन. 1929 ते 1950 या काळात अशी 863 बनली. 'भारतीय इंजिन का नाही केलंस?' असं गावाकडचे सगळे विचारतात. उत्तर अगदी व्यवहारी आहे. मला हात लावून मोजता येईल असं इंजिन हवं होतं, आणि पॅनियर माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, डिडकॉटच्या रेल्वे सेंटरमध्ये उभं आहे.

नंबर निवडायलाही मोकळीक नसते. सुरुवातीच्या पॅनियरांची केब जुन्या घाटाची, गोल खिडक्यांची. 1933 पासून जी बनली त्यांना मोठ्या खिडक्यांची सुधारलेली केब आली. माझी केब ही दुसऱ्या प्रकारची, कारण माझ्याकडचे नकाशे तिचे होते. म्हणजे 57 ने सुरू होणारा नंबर लावला असता तर पहिल्याच रविवारी पकडला गेलो असतो. डिडकॉटचं 3738 हे 1937 साली स्विंडनच्या कारखान्यात बनलेलं, मोठ्या खिडक्यांचं. पुढे ते वेल्समधल्या बॅरीच्या भंगार यार्डात जाऊन पडलं आणि तिथून वाचलं. त्या यार्डातून दोनशेहून जास्त इंजिनं वाचली, तेव्हा ही कथा काही एकट्याची नाही. पण नंबर, केब आणि अंतर तिन्ही जुळत होतं, म्हणून 3738 ठरलं.

बाजारात तयार पाट्या मिळतात. नंबर कळवायचा, पैसे भरायचे, पाकिटातून पितळी पाटी घरी. छोट्या स्केलला मी तेच करीन. पण पाच इंची गेज म्हणजे मूळच्या साधारण 11.3 पटीने लहान. या मापाला पाटी चांगली अडीच इंचांच्या घरात जाते, आणि तेवढ्या पाटीवर प्रकाश कसा पडतो हे लांबून दिसतं. शिवाय ग्रेट वेस्टर्नची पाटी हे त्या रेल्वेचं वैशिष्ट्यच होतं. बाकीच्या बऱ्याच कंपन्या केबवर किंवा टाकीवर नंबर रंगवत. ग्रेट वेस्टर्न ओतीव पाटी लावायची, उठावाचे आकडे आणि भोवती उठावाची किनार. 1948 मध्ये सरकारने चारही मोठ्या कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा सदर्नच्या नंबरांत 30000 मिळवले, एलएमएसच्या 40000, एलएनईआरच्या 60000. ग्रेट वेस्टर्नचे नंबर होते तसेच राहिले. रंगवलेला नंबर ब्रशने बदलतो, ओतलेला बदलायचा तर पाटीच नवी ओतावी लागते. म्हणून मॉडेलवर चपटा, छापल्यासारखा नंबर असला की इंजिन कितीही चांगलं झालेलं असो, मला ते खटकतं.

डिडकॉटला मी आधी फोटो काढून पाहिले. फोटोत एक अडचण असते. जवळून काढला तर कडा फाकतात आणि मधले आकडे फुगतात. लांब उभं राहून झूम लेन्सने, पाटीच्या बरोबर समोरून काढला तर बराच सरळ येतो, पण शेडमध्ये दोन इंजिनांच्या मध्ये मागे सरकायला जागा कुठली? शेवटी तिथल्या स्वयंसेवकाला विचारलं, पाटीवर कागद ठेवून मेणाचा खडू घासू का? लहानपणी नाण्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तेच हे. तो हसला, पाटी स्वतःच कापडाने पुसून दिली आणि कागदाचं एक टोक धरून उभा राहिला. रबिंगचा फायदा असा की माप एकास एक मिळतं, त्यात लेन्सची भानगड नाही.

तिथे कळलेली एक गोष्ट मला फार आवडली. वाफेचं युग संपताना या पाट्या इंजिनांवरून काढल्या गेल्या, विकल्या गेल्या, चोरल्याही गेल्या. आता लिलावात त्यांना मोठी किंमत येते. त्यामुळे जतन केलेली पुष्कळ इंजिनं प्रतिकृती लावून धावतात आणि मूळ पाटी कुणाच्या तरी भिंतीवर असते. मग खरी कुठली आणि नकली कुठली हे कसं ओळखायचं? मोजून. मूळ पाटीवरून साचा घेऊन दुसरी ओतली तर थंड होताना धातू आकसतो आणि नकल दीड-दोन टक्क्यांनी लहान निघते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाढलेल्या पोराला हे नवीन नव्हतं, पण लिलावातल्या चोराला पकडायला ते कामी येत असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

रबिंग स्कॅन करून संगणकावर आकडे रेषांनी गिरवले. तयार फॉन्टच्या नादाला लागलो नाही. 'ग्रेट वेस्टर्नसारखे' म्हणून मिळणारे फॉन्ट ठीक असतात, पण हे आकडे लाकडी पॅटर्नवरून, म्हणजे साचा घ्यायच्या नमुन्यावरून, आलेले, त्यांना सुताराच्या हाताचं वळण असतं. 8 च्या वरच्या आणि खालच्या खिडकीचं प्रमाण, 7 चा तिरका पाय, दोन 3 मधलं अंतर, हे जसंच्या तसं घेतलं. मग सगळं 11.3 ने भागलं. भागल्यावर काही ठिकाणी किनार इतकी बारीक झाली की हाताने जाड करावी लागली. मापाला धरून केलेली गोष्ट डोळ्याला नेहमी बरोबर दिसतेच असं नाही. तिथे मी डोळ्याचं ऐकतो.

आधी एचिंग, म्हणजे रसायनाने पत्रा खाऊन आकडे उठवणं, करून पाहायचं ठरवलं, कारण त्याचं सामान क्लबात होतंच. 1.2 मिलिमीटरचा पितळी पत्रा घ्यायचा, हिरव्या घासणीने घासायचा, ॲसिटोनने पुसायचा आणि त्यानंतर त्याला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की फिल्म तिथे धरत नाही. त्यावर प्रकाशाने कडक होणारी निळी फिल्म लॅमिनेटरमधून चिकटवायची. पारदर्शक प्लॅस्टिकवर नंबराची निगेटिव्ह छापायची, म्हणजे आकडे आणि किनार पारदर्शक, बाकी काळं. ती वर ठेवून अतिनील दिव्याखाली धरायची. आम्ही यासाठी नखांचं जेल वाळवायचा दिवा वापरतो. क्लबाच्या कपाटात स्टीम ऑइलशेजारी गुलाबी रंगाचा नेल-लॅम्प बघून नवीन सभासद जरा गोंधळतात. प्रकाश पडला तिथली फिल्म कडक होते, बाकीची धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात विरघळून जाते. पाठीमागून पत्र्याला पॅकिंग टेप लावायची, नाहीतर तो मागूनही खाल्ला जातो.

मग फेरिक क्लोराइड. चाळीसेक अंशांपर्यंत कोमट केलेलं बरं, थंडीत ते फार आळशीपणे काम करतं. पत्रा त्यात तोंड खाली करून तरंगता ठेवायचा. तोंड वर असलं तर सुटलेला गाळ तिथेच बसून राहतो आणि खाल्लेली जागा खडबडीत होते. अधूनमधून डबा हलवत राहायचं. हे द्रावण कपड्यावर पडलं तर कपडा गेला, स्टीलच्या सिंकमध्ये पडलं तर सिंक गेलं, म्हणून घरात ते आणायला मला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. वापरून झालेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यात तांबं उतरलेलं असतं. बाटलीत भरून, चिठ्ठी लावून कौन्सिलच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात द्यायचं.

एचिंगमध्ये मेख एकच. आम्ल खाली जातं तसं बाजूलाही जातं. फिल्मच्या कडेखालून आत शिरतं आणि आकड्याची रेघ बारीक करतं. जितकं खोल जायचं तितकं बाजूने जास्त खाल्लं जाणार. म्हणून चित्र काढतानाच रेघा थोड्या फुगवून ठेवाव्या लागतात. 8 च्या खिडक्यांत उलट त्रास. जागा चिंचोळी, ताजं द्रावण आत फिरत नाही, त्यामुळे बाहेर पुरेसं खोल झालं तरी खिडकी उथळच राहते. 0.25-0.3 मिलिमीटरपर्यंत पाटी सुरेख येते, त्यापुढे आकड्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसायला लागतात. मी 0.35 मिलिमीटरला थांबलो. रंग भरून, वरून घासून पाहिलं. कडा रेखीव, सगळं स्वच्छ. इंजिनावर धरलं तर मात्र दुकानाच्या दारावरच्या नावाच्या पाटीसारखं दिसत होतं.

माझे मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. आयुष्यभर लाकडातून पंपाचे आणि ऑइल इंजिनाच्या भागांचे पॅटर्न कोरले. त्यांना व्हिडिओ कॉलवर पाटी दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ बघत राहिले.

'हे वतलंयस का छापलंयस?'

'मामा, ॲसिडने खाल्लंय. एचिंग म्हणतात.'

'त्येच म्हन्तोय. वतल्यालं न्हाई दिसत. कड कशी ब्लेडनं कापल्यागत सरळ उभी हाय बघ. वताय गेलास तर असली कड साच्यातनं निघंल का? ड्राफ्ट कुठाय?'

ड्राफ्ट म्हणजे पॅटर्नच्या उभ्या बाजूंना दिलेला किंचित उतार. तो नसेल तर पॅटर्न वाळूतून उचलताना वाळू घेऊन वर येतो. मूळ पाट्या वाळूच्या साच्यात ओतलेल्या, त्यांच्या आकड्यांना तो उतार आणि खालच्या कोपऱ्यात थोडी गोलाई असणारच. माझ्या रबिंगमध्ये ते आलं नव्हतं, कारण रबिंग फक्त माथा टिपतं. एचिंगची कड उभी, नव्हे खालून किंचित आत गेलेली. प्रकाश पडला की ओतीव आकड्याच्या उतारावर एक मऊ छटा येते, एचिंगला नुसती काळी रेघ. मला काय खटकत होतं ते मामांनी सात हजारांहून जास्त किलोमीटरवरून मोबाइलच्या पडद्यावर सांगितलं.

म्हणजे ओतायलाच हवं होतं. वाळूचा साचा या मापाला चालत नाही, वाळूचा कणच आकड्याच्या कोपऱ्याच्या मानाने मोठा पडतो. दागिने ओततात तसं मेणावरून ओतायचं. त्यासाठी गिरवलेल्या आकड्यांना संगणकात 0.8 मिलिमीटर उंची दिली, सगळ्या बाजूंना उतार दिला, पायाशी गोलाई दिली, आणि शेवटी सगळंच दोन टक्क्यांनी वाढवलं. मामांकडे यासाठी वेगळी पट्टीच असायची, आकसण्याच्या हिशोबाने जिचे इंच जरा मोठे. 'श्रिंकेजची पट्टी हाय का तिकडं?' हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. संगणकात टक्केवारी टाकली की झालं, असं सांगितल्यावर त्यांना ते फारसं पटलं नाही.

मूळ पाटी पातळ असली तरी मॉडेलची पाठ मी दोन मिलिमीटर जाड ठेवली. पातळ पाटी निवताना वाकते, आणि जाड पाठ नंतर घासून कमी करता येते. क्लबातल्या एका तरुणाकडे, म्हणजे पन्नाशीच्या गृहस्थाकडे, रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे. जळून पूर्ण नाहीसं होणारं खास मेणमिश्रित रेझिन आणून त्यात पाट्या छापल्या. इंजिनाला दोन बाजू, म्हणून पाट्या दोन, आणि एखादी फसली तर असू दे म्हणून आणखी. छापताना पाटी तिरकी उभी करायची, नाहीतर थरांच्या पायऱ्या नेमक्या आकड्यांच्या माथ्यावर येतात. छापल्यावर स्पिरिटमध्ये नीट धुणं फार महत्त्वाचं. कोपऱ्यात ओलं रेझिन राहिलं तर ओतकामात तिथे खड्डा पडतो.

बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये अजून लहानसहान ओतकाम करून देणारी दुकानं आहेत. पोस्टाने पाठवता आलं असतं, पण मला बघायचं होतं, म्हणून स्वतः घेऊन गेलो. जिना चढून वरच्या मजल्यावर एक खोली, भट्टीची ऊब, आणि टेबलावर दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्यांचं मेणाचं झाड. मधोमध जाड दांडी आणि तिला चिकटवलेल्या अंगठ्या. माझ्या पाट्या त्याने हातात घेऊन उलटसुलट केल्या आणि विचारलं, दांडी कुठून जोडू? मागून, म्हटलं. पुढून जोडली तर कापल्याची खूण आकड्यांवर येणार. त्याने मान डोलावली. प्रश्न बहुधा माझी परीक्षा घ्यायलाच होता. पितळ कुठलं हेही विचारलं. दागिन्यांसाठी लालसर मिश्रधातू चालतो, मला जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं पिवळं हवं होतं. जस्त तापलं की धूर करतं, म्हणून काही ओतणारे ते टाळतात. याने घेतलं.

पुढची पद्धत तशी जुनीच. झाड स्टीलच्या नळकांड्यात उभं करून भोवती प्लॅस्टरसारखं पातळ मिश्रण ओततात आणि हवा ओढून घेऊन बुडबुडे काढतात. सुकलं की भट्टीत टप्प्याटप्प्याने सातशे अंशांच्या आसपास नेतात. मेण किंवा रेझिन जळून जातं आणि आत नेमकी तेवढी पोकळी उरते. तीत वितळलेलं पितळ ओततात, खालून हवा ओढलेली असते म्हणून धातू कानाकोपऱ्यात शिरतो. गरम नळकांडं पाण्यात बुडवलं की प्लॅस्टर फुटून सुटतं. बिल ग्रॅमवर आलं. हे ऐकून मामांनी 'किलोला किती पडलं मग?' असं विचारलं आणि आकडा सांगितल्यावर फोनवर थोडा वेळ शांतता होती.

पाट्या हातात आल्या तेव्हा त्या करड्या, भुरकट होत्या. हे ओळखीचं होतं, ओतकाम आधी असंच दिसतं. मागची दांडी करवतीने कापून बुडखा कानशीने उतरवला. मग जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून पाठ सपाट होईपर्यंत घासली. आठाच्या आकृतीत फिरवायची, एकाच दिशेला घासली तर एक कड खाली जाते. पुढच्या बाजूला आकड्यांच्या मधली जमीन मी मुद्दाम फार साफ केली नाही. खऱ्या पाटीची जमीनही गुळगुळीत नसते, आणि वर काळा रंग बसायचाच होता. 8 च्या खिडकीत प्लॅस्टरचा एक कण अडकून बसला होता, तो सुईने टोकरून काढला.

रंगासाठी काळा इनॅमल, थोडा पातळ करून. ब्रशने आकड्यांच्या मधून सोडला की तो आपोआप पसरतो. वाळायला भरपूर वेळ दिला. मग लाकडाच्या सपाट ठोकळ्याला हजार नंबरचा आणि नंतर दोन हजारचा पेपर गुंडाळून वरून हलके हात मारले. पहिल्या हातातच काळ्यातून पिवळे आकडे वर येतात. या सगळ्या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच, आणि तो फार लवकर संपतो. इथे ब्रासो वापरू नये. ते कोपऱ्यात पांढरं होऊन वाळतं आणि काळ्या रंगावर ती पांढरी रेघ मरेपर्यंत दिसते. वरून लॅकर मारावं की नाही यावर क्लबात दोन तट आहेत. मी मारलं नाही. लॅकर काही वर्षांनी पिवळट होतं आणि खरचटलं की तिथेच काळे डाग पडतात. उघडं पितळ काळवंडतं खरं, पण ते कापडाने पुसता येतं. शेडमधली पोरंही ते पुसतच होती.

पाटी केबला चार बारीक पितळी स्क्रूंनी बसवली, कडेच्या छिद्रांतून, आतून नट. नुसतं इपॉक्सी लावलं असतं तरी टिकलं असतं, पण पुन्हा रंग द्यायची वेळ आली तर पाटी काढता यायला हवी. पाटीच्या वर निळी चकती आणि तीत 'सी' हे अक्षर. चकतीचा रंग कुठल्या मार्गावर किती वजनाचं इंजिन जाऊ शकतं ते सांगायचा, अक्षर इंजिनाची ताकद. या वर्गाची चकती 1950 मध्ये निळ्याची पिवळी झाली. माझं इंजिन ग्रेट वेस्टर्नच्या हिरव्या रंगात, युद्धाआधीचं, म्हणून निळी. पुढच्या बफर बीमवरचा नंबर मात्र मूळ इंजिनावरही रंगवलेलाच असायचा, तिथे ट्रान्सफर, म्हणजे चिकटवायचा छापील नंबर, लावली. स्मोकबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या धुराच्या पेटीच्या, दारावर काही नाही. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांवर तिथली पाटी सरकारी ब्रिटिश रेल्वेने आणली, 1948 नंतर.

आणि नेमकी तीच आता एकाने माझ्याकडे मागितली आहे. त्याचं एलएमएसचं ब्लॅक फाइव्ह वर्गाचं इंजिन आहे, त्याला पुढच्या दारावर पाच आकडी पाटी हवी. मूळची ती ओतीव लोखंडाची, काळ्यावर पांढरे आकडे, म्हणजे पितळ चमकवायची भानगड नाही. त्याचं म्हणणं, मग ओतायचं कशाला? रेझिनची छाप आणि रंगव, कुणाला कळतंय? मी त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी गाडी तासभर चालव आणि मग स्मोकबॉक्सच्या दाराला हात लावून बघ.